योगिनीताई आणि जगदेव सरांचे जादा तास

योगिनीताई नेमकं काय काम करतात, हे रिठद गावी त्यांच्या स्वतःच्या घरातसुद्धा कोणाला धड सांगता येत नाही. वडील दौलतराव सोयाबीन विकायला गेले काय, लग्नाच्या पंगतीत बसले काय, एकच सांगतात, "माही पोरगी डोक्याची डॉक्टर हाय." झालं! ताई सणासुदीला घरी आल्या की सकाळी सकाळी ओट्यावर चार म्हातारे हजर. एकाचं डोकं ठणकतं, दुसऱ्याला घेरी येते, तिसऱ्याला नुसतीच फुकटची गोळी पाहिजे असते. मग आई कस्तुराबाई कमरेवर हात ठेवून बाहेर येते आणि सांगते, "बाप्पा, ते डोकं येगळं न् हे डोकं येगळं. च्या प्या न् दवाखान्यात जा." म्हातारे चहा पितात आणि दवाखान्यात मात्र जात नाहीत.

खरं काम असं की शाळेत जी पोरं मागं पडतात, त्यांचं नेमकं कुठं अडतं ते ताई शोधून काढतात. कोणाला ऐकू कमी येतं आणि ते कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं. कोणाला बसवत नाही, कोणाला आकडे धरता येत नाहीत, कोणाला सगळं समजतं पण वाचता येत नाही. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, आणि आपले लोक मात्र सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतात, 'ढ'. हा शब्द कानावर आला की ताईंचं टाळकं सरकतं. एका मुख्याध्यापकांनी एकदा एका पोराला पुढं ढकलत ओळख करून दिली होती, "मॅडम, हा आमचा ढ नंबर एक." ताई हसून म्हणाल्या, "अस्सं? आणि सर, तुमचा नंबर कितवा?" त्या शाळेत त्या दिवशी ताईंना चहा मिळाला नाही.

या रागामागं घरचंच कारण आहे. थोरला भाऊ लखन सातवीत दोनदा आपटला आणि शाळा सोडून बसला. आज पंचक्रोशीतली कुठलीही पाण्याची मोटर तो नुसत्या आवाजावरून ओळखतो, खोलतो, जोडतो; पण बसची पाटी दुसऱ्याला विचारतो. ताई अमरावतीला शिकत असताना एका तासाला वाचनाच्या अडचणीवरचं शिकवणं चाललं होतं. ऐकता ऐकता त्यांना घरचा ओटा दिसायला लागला, पुस्तक पुढ्यात घेऊन रडणारा लखन दिसायला लागला, आणि भर वर्गात त्या हुंदके देऊन रडल्या. त्या दिवसापासून पोटात जे पेटलं ते पेटलंच.

आता ताईंची स्कूटी, तिच्यावर पुढं निळी बॅग, आणि बॅगेत ताईंचा सगळा संसार. लाल-पांढरे ठोकळे, चित्रांचे पत्ते, गोष्टींचे कागद, एक टिकटिक न करणारं घड्याळ. बंजारा तांड्यांवरच्या पोरांसाठी थोडी गोरमाटी भाषाही त्या शिकल्यात. "तारो नाम कांई छ?" असं त्यांनी विचारलं की पोरं आधी पोट धरून हसतात आणि मग नाव सांगतात. ताईंचं म्हणणं, हसलेलं पोर खरं बोलतं, त्यामुळं उच्चार सुधारायचा नाहीच.

तर गोष्ट गेल्या जानेवारीतली. मानोऱ्याजवळच्या एका गावची शाळा, आजूबाजूच्या तीन तांड्यांची पोरं तिथंच येणारी. जगदेव सर तिथले मराठीचे शिक्षक. वय बावन्न, आवाज असा की वर्गात शिकवायला लागले तर रस्त्यावरच्या बैलालाही कविता पाठ व्हावी. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड भारी. निकाल! आमच्या शाळेचा निकाल! शिष्यवृत्तीची परीक्षा असो की चित्रकलेची, जगदेव सरांचे जादा तास सुरू झालेच. त्यांनीच नऊ पोरांची यादी करून ताईंना बोलावलं होतं, आणि यादीत एक नाव होतं राखीचं.

राखी पंधरा वर्षांची, तांड्यावरची, नववीत. नववीत म्हणजे दुसऱ्यांदा नववीत. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगलीकडं जातात ते होळीलाच परततात. पोरगी आजोबांजवळ, सोमला दादांजवळ राहते. बापानं जाताना स्पष्ट सांगितलं होतं, यंदा नापास झाली तर पुढच्या सालापासून कोयता हातात. पण ताईंची तपासणी झाली, तसा अहवाल वर गेला आणि मंजुरी आली, तर राखीला पेपर वाचून दाखवायला आणि लिहून घ्यायला माणूस मिळणार होता. यंदाच्या नववीलाही आणि पुढं दहावीच्या बोर्डालाही. कागद पंधरा तारखेपर्यंत पोचायला हवे होते. एका पोरीचं सगळं पुढचं आयुष्य त्या बॅगेतल्या ठोकळ्यांवर येऊन बसलं होतं म्हणा ना.

शुक्रवारी, नऊ तारखेला, ताई पोचल्या तेव्हा थंडीनं बोटं वाकत नव्हती, आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं. जगदेव सरांनी गरमागरम मिरचीची भजी पुढं ठेवली आणि हात जोडले. "मॅडम, पोट्टे लय बुजतात. मी कोपऱ्यात बसतो. तोंडातून शब्द काढला त सांगा."

आता ताईंचा लोखंडी नियम असा की तपासणीच्या खोलीत ताई आणि पोर, तिसरं कोणी नाही. आई नाही, बाप नाही, शिक्षक तर मुळीच नाही. बारा वर्षांत हा नियम मोडला नव्हता. पण भजी खरंच फार चांगली झाली होती. ताई म्हणाल्या, "बरं, बसा."

सरांनी शब्द पाळला. खोकलेसुद्धा नाहीत. कोपऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहीत राहिले. ताईंना वाटलं, निबंध तपासताहेत. मधल्या सुट्टीत ताई हात धुवायला बाहेर गेल्या आणि गोष्टीचे कागद टेबलावरच राहिले. त्या दिवशी चार पोरं झाली. उरलेली पाच सोमवारी, त्यात राखी. ताई निर्धास्त मनानं वाशिमला आपल्या खोलीवर परतल्या.

सोमवारी पहिला आला हरीओम, सातवीतला. एरवी पोरं येतात ती दाराला चिकटून उभी राहतात. हा पठ्ठ्या आला, हात मागं बांधले, छाती पुढं काढली.

ताईंनी सुरुवात केली, "समजा तुला रस्त्यात कोणाचं दप्तर—"

"दप्तर शाळेत नेऊन गुरुजींच्या ताब्यात देईन!" हरीओमनं एका दमात सांगून टाकलं. "आणि आंबा व केळी यांतलं साम्य म्हणजे दोन्ही फळं आहेत!"

"अरे, आंब्याचं मी अजून विचारलं कुठं?"

हरीओम गोंधळला. "मॅडम, पाचवा प्रश्न तोच हाय ना?"

ताईंच्या हातातली पेन्सिल थांबली. "कोणी सांगितलं तुला पाचवा प्रश्न कोणता ते?"

"जादा तास झाला ना काल," हरीओम अभिमानानं म्हणाला. "सगळ्यायले बलावलं होतं. सरनं पाठ करून घेतलं. पोहे बी देल्ले."

अगाई गं! ताईंना आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. त्यांनी हरीओमच्या पाठीवर थाप मारून त्याला वर्गात पाठवलं. बाहेर जाऊन सरांना फाडून खावं असं वाटत होतं, पण दारात राखी येऊन उभी होती. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली, डोळे खाली. ताईंनी मनात म्हटलं, तांडा तीन किलोमीटर लांब. ही पोरगी रविवारी आलीच नसेल. देवा, आलीच नसू दे.

त्यांनी गोष्टीचा कागद तिच्यापुढं ठेवला. जत्रेला निघालेल्या एका म्हातारीची गोष्ट, दोन पानांची. राखीनं वाचायला सुरुवात केली आणि ताई बघतच राहिल्या. काय ते वाचन! म्हातारीचा आवाज वेगळा, गाडीवाल्याचा वेगळा, जिथं थांबायचं तिथं थांबणं. दोनदा नववी केलेली पोरगी ही? ताईंना आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की म्हातारी जत्रेत पोचून रेवड्या घेते आहे. रेवड्या दुसऱ्या पानावर होत्या. आणि पान तर राखीनं उलटलंच नव्हतं.

ताईंनी हळूच तो कागद काढून घेतला आणि बॅगेतून एक साधं गोष्टीचं पुस्तक काढून पुढं ठेवलं. राखीनं त्याच्याकडं पाहिलं. मग पाहतच राहिली. कपाळावर बारीक घाम आला, ओठ हलले, आवाज नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मॅडम, सरनं सांगतलं तेवढंच येते मले."

"किती वेळा सांगितलं होतं सरांनी?"

"एकडाव. मले याले उशीर झाला होता. सर शेवटचं वाचून राह्यले होते, तवाच ऐकली."

एकदा ऐकून दोन पानं! शब्दाला शब्द, आवाजासकट! ताईंना तिला उचलून घ्यावंसं वाटलं. पण कागदावर काय आलं होतं? कागदावर आलं होतं की ही पोरगी फाडफाड वाचते. म्हणजे तिला काही अडचणच नाही. म्हणजे मदत नाही, मंजुरी नाही, काही नाही. आणि एकदा उत्तरं फुटलेला संच त्याच पोरावर पुन्हा वापरता येत नाही, निदान वर्षभर तरी नाही. आज बारा तारीख होती.

ताई बाहेर आल्या. जगदेव सर व्हरांड्यात हात चोळत उभेच होते. "कसा लागला मॅडम निकाल? आपले नवाच्या नऊ ना?"

त्यानंतर ताई जे बोलल्या ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात सांगायचं तर, ताप मोजायच्या आधी पोराला बर्फाच्या पाण्यात बसवून "बघा, ताप नाही" म्हणणारा बाप आणि तुम्ही, दोघं सारखेच. आजार दिसू नये म्हणून एवढी मेहनत मी आयुष्यात पाहिली नाही. पोहेसुद्धा खाऊ घातलेत! वर्गातली पोरं खिडक्यांना लोंबकळून ऐकत होती.

सरांचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांना खरंच कळलं नव्हतं हो. परीक्षा म्हटली की पोर पास झालं पाहिजे, तीस वर्षं हेच केलं होतं त्या माणसानं. "म्हंजे... मी राखीचं नुकसान केलं?" ते मटकन पायरीवर बसले. "मी त पोट्ट्यायचं भलं कराले गेलो मॅडम." चष्मा काढला आणि पुसत बसले, पुसून झाला तरी पुसतच बसले.

ताईंचा राग दुधासारखा, वर येतो तसा खाली बसतो. आणि शिवाय आत कुठंतरी भजी टोचत होती. नियम कोणी मोडला? त्यांनीच. त्या सरांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि अमरावतीला आपल्या जुन्या प्राध्यापक बाईंना फोन लावला. चंदना मॅडम मूळच्या कारंज्याच्या, आता निवृत्त, पण जीभ अजून नोकरीवर.

"खोलीत मास्तरला बसू दिलंस? तू? माझी विद्यार्थिनी?"

"मॅडम, भजी होती."

मग चंदना मॅडम जे हसल्या, ते पायरीवर जगदेव सरांनाही ऐकू आलं. हसून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडं दुसरा संच आहे. गोष्टी वेगळ्या, नक्ष्या वेगळ्या. दुपारच्या एस.टी.त कंडक्टरजवळ देते. उतरवून घ्यायला शहाणा माणूस पाठव."

शहाणा माणूस म्हणून जगदेव सरच गेले, दुसरा होता कोण! संध्याकाळी मानोऱ्याच्या स्टँडवर दीड तास आधी जाऊन उभे राहिले. ताईंचा मुक्काम त्या दिवशी मानोऱ्यातच मैत्रिणीकडं होता. सरांनी खोकं आणून दारात ठेवलं तेव्हा ते स्वतःच्या मफलरीत बांधलेलं होतं, वर तीन गाठी, आणि गाठींवर एक चिठ्ठी चिकटवलेली. 'उघडलेले नाही. हलवूनसुद्धा पाहिलेले नाही. जगदेव.' खाली तारीख आणि वेळ.

मंगळवारी सरांनी आपण होऊन मैदानाच्या पार टोकाला, लिंबाखाली खुर्ची नेली आणि शाळेकडं पाठ करून बसले. एक पोरगं काही विचारायला गेलं तर त्यालाही शाळेकडं पाठ करूनच उभं केलं.

खोलीत ताई आणि राखी; हरीओमसकट बाकीची चौघं मागाहून. ठोकळे आधी. कागदावरची नक्षी बघायची आणि लाल-पांढरे ठोकळे जुळवून तशीच करायची. पहिल्या दोन राखीनं जपून केल्या, तिसरीपासून तिचा हात सुटला. शेवटची नक्षी अशी की ती करताना मोठी माणसंही ठोकळे आपटतात. राखीनं मान तिरकी करून तिच्याकडं पाहिलं, नऊ ठोकळे जुळवले आणि विचारलं, "अजून हाय का?" नव्हती. संपल्या होत्या. मग ताईंनी नवीन गोष्ट वाचून दाखवली, राखीनं ती परत सांगितली, आणि वाचताना ताई जिथं थांबायला विसरल्या होत्या, तिथंसुद्धा ती बरोबर थांबली.

मग अक्षरांचे आवाज. "‘गवत’ मधला ‘ग’ काढला, तर काय उरतं?"

राखी विचारात पडली. बोटं मोडली, छताकडं पाहिलं. "ढोरं उपाशी उरतात," ती म्हणाली.

ताईंना हसू आवरेना. राखीही हसली. पण ताईंनी कागदावर जे लिहायचं ते लिहिलं, कारण कुलूप इथंच होतं. या पोरीला अर्थ लगेच सापडत होता, आवाज सुटा होत नव्हता. आणि आवाज सुटा होत नाही तोवर अक्षर त्याच्याशी जोडायचं कसं? पुढं वाचन आलं. चार ओळींना अकरा मिनिटं लागली, त्यातही 'पाऊस' आणि 'पाहुणा' यांची अदलाबदल. शेवटी राखीनं कागद बाजूला सारला. डोळे भरले होते. "मॅडम, मी ढच हाय ना?"

"ऐक," ताई म्हणाल्या, आणि आवाज जरा चढलाच, "तू आज जे ठोकळे लावलेस ना, तसे मी इतक्या वर्षांत तीनदा पाहिलेत. तुझं डोकं एक नंबर आहे. फक्त ते डोळ्यांनी वाचत नाही, कानानं वाचतं. आता आपल्याला सरकारला एवढंच सांगायचं की या पोरीचा पेपर तिला वाचून दाखवा आणि ती बोलेल ते लिहून घ्या. आणि अक्षरं मी शिकवणार आहे तुला, वेगळ्या रीतीनं. हळूहळू येतील."

"म्हंजे मी सांगाचं न् दुसऱ्यानं लिहाचं?" राखीनं नाक पुसलं. "मास्तरीणबाईसारखं?"

"तसंच."

"मंग सोपं हाय!" म्हणून ती अशी हसली की ताईंना पुढं काय विचारायचं होतं तेच आठवेना.

अहवाल झाला. आता फक्त घरच्या माणसाची सही हवी होती. आई-बाप सांगलीकडं, म्हणजे सोमला दादांचा अंगठा. बुधवारी संक्रांत, शाळेला सुट्टी. ताई तांड्यावर निघाल्या; मागून मोटरसायकलवर जगदेव सर, एका खिशात शाईचा पॅड आणि दुसऱ्यात तिळगूळ.

सोमला दादा घरापुढं हरभऱ्याचे घाटे भाजत बसले होते. वय सत्तरीच्या आसपास, डोक्याला लाल पागोटं, बोटं काळीकुट्ट. त्यांनी पाहुण्यांना घाटे दिले, ऐकून घेतलं, आणि मान हलवली. "नाई बाई. अंगठा नाई देनार."

"का दादा?"

"तुमी कागदावर पोरीले अपंग लिहान. कागद काई मरत नाई. उद्या सोयरीक आली त लोक काय म्हनतीन? ऊस तोडीन, पन डोक्यानं कमी म्हनून नाव नाई लावून घेनार."

ताईंनी सगळं समजावलं. एकदा, दोनदा. जगदेव सरांनी आपल्या मोठ्या आवाजात समजावलं, ते शेजारच्या चार घरांना समजलं. सोमला दादा घाटे सोलत राहिले. उद्या पंधरा तारीख, आणि म्हातारा हलायला तयार नाही.

मधेच राखी म्हणाली, "दादा, मॅडमजवळ ठोकये हायेत. लय मजा येते. म्या सगये लावले."

"कायचे ठोकये? पाहू."

उत्तरं फुटलेला जुना संच बॅगेत होताच, आता तो कोणीही खेळावा. ताईंनी ठोकळे काढले, नक्षी पुढं ठेवली. सोमला दादांनी धोतराला हात पुसले, मांडी ठोकली. पहिली नक्षी सहज. दुसरी सहज. बाया धुणं टाकून आल्या, पोरं गोळा झाली. सहावीला दादांनी पागोटं मागं सरकवलं. आठवीला जीभ दातांत धरली. नववी ताईंनी मुद्दाम काही न बोलता ठेवली. दादांनी एक ठोकळा फिरवला, परत फिरवला, आणि खाली ठेवला. नक्षी झाली होती.

"हे कितवीतल्या पोराले येते?" त्यांनी विचारलं.

"दादा, ही कॉलेजातल्या पोरांनाही जड जाते."

लाल-पांढऱ्या ठोकळ्यांवर काळे ठसे उमटले होते, त्यांच्याकडं म्हातारा बघत राहिला. मग खालच्या आवाजात बोलायला लागला. "म्या बी दोन साल शायेत गेलो बाई. अक्षर काई डोक्यात शिरेच ना. बाकीचं सगळं येत जाय. गुरुजी रोज उभं करे, म्हने, हा ढ हाय. छडीनं मारे, या बोटांवर. एक दिवस पयालो तो पयालोच. साठ वर्सं झाले. साठ वर्सं मी सोताले ढ समजून राह्यलो." त्यांनी मान वर केली. "खरं सांगा. मी ढ होतो का?"

"नाही दादा," ताई म्हणाल्या. "तुम्ही ढ नव्हता. राखीसारखेच होता."

"मंग गुरुजीनं मले कायले मारलं?"

तेवढ्यात जगदेव सर उठले. हा एवढा दांडगा माणूस, तो सोमला दादांपुढं खाली वाकला, त्यांची ती काळी बोटं दोन्ही हातांत धरली आणि म्हणाला, "दादा, गुरुजी चुकले. मी बी मास्तर हाव, मी बी लय चुकलो. आमाले समजत नोतं."

सोमला दादांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मग त्या पाण्यातूनच त्यांना हसू फुटलं. "अरे उठ मास्तर! तो गुरुजी कवाच मेला, तू कायले रडून राह्यला?" मग राखीकडं वळून म्हणाले, "आन इकडं तुहा कागद."

"आधी हात धुवा दादा," ताई म्हणाल्या, कारण कागद सरकारी होता. दादांनी हात धुतले, सरांनी शाईचा पॅड धरला, आणि अंगठा उमटला. राखीनं तांडाभर धूम ठोकली. कागद दुसऱ्या दिवशी वेळेत पोचले आणि पुढं मंजूरही झाले, तेही सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला.

पण दादांचं अजून झालं नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "तिचा कागद केला. माहा बी करा."

"तुमचा कशाचा?"

"आता तुमी बोलल्या तेच. लिहून द्या."

असा दाखला कुठल्याही नियमात बसत नाही. पण ताईंनी बॅगेतून आपल्या नावाचा छापील कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी आज सोमला दादांची तपासणी केली. ते ढ नाहीत. ते कधीच ढ नव्हते.' खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला.

दादांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि जगदेव सरांपुढं धरला. "वाचा मास्तर."

सरांनी वाचला. तांड्याच्या पार टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचला.

"अजून एकडाव."

सरांनी पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदाही वाचला. सोमला दादांनी कागदाची घडी केली, पागोट्याच्या पदरात नीट खोचली, भाजलेल्या घाट्यांची मूठ सरांच्या हातावर ठेवली, आणि थोड्या वेळानं घडी परत बाहेर काढली.

"मास्तर," ते म्हणाले, "अजून एकडाव वाचा."